घरच्यांची तोंडी परीक्षा

आमच्या बायॉलॉजीच्या सरांच्या वर्गात खुर्ची एकच होती, आणि ती सरांची नव्हती. ज्याला धडा कळला नाही त्याची ती. "सर, नाही कळलं," असं जो उभा राहून म्हणेल त्याला सर हाताला धरून पुढे आणायचे, खुर्चीत बसवायचे आणि स्वतः त्याच्यासमोर उभे राहून पहिल्यापासून सांगायला लागायचे. अकरावीच्या सुरुवातीला त्या खुर्चीकडे कुणी फिरकत नव्हतं. सगळे दहावीला भरघोस मार्क घेऊन आलेले, नाही कळलं म्हणायची कुणाला सवयच नव्हती. दिवाळीनंतर मात्र खुर्चीसाठी नंबर लागायला लागले. काही पोरं तर कळलेलं असूनही जाऊन बसायची, कारण पंखा नेमका तिथं होता. सरांना ते माहीत असायचं, पण ते सांगायचं थांबायचे नाहीत.

दिसायला सर साधेच. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, पोटाच्या वर चढवलेली पँट आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कसली तरी बी, शेंग नाहीतर अर्धं पान. सही करायला पेन ते आमच्याकडून मागायचे आणि तेही खिशात घालून चालते व्हायचे. सोलापुरात विजापूर रोडनं स्कूटरवर जाताना मधेच थांबून कुणाच्याही कंपाउंडात हात घालायचे. एकदा एका बंगल्यातल्या बाईंनी त्यांना चोर समजून हटकलं. सरांनी त्यांना त्यांच्याच दारची कण्हेर उन्हाळ्यात पाणी कसं वाचवते हे इतकं सांगितलं, इतकं सांगितलं की बाई शेवटी म्हणाल्या, "काय पायजे ते घेऊन जावा, पण जावा आता." ही गोष्ट सर स्वतःच कौतुकानं सांगायचे. बाईंना कंटाळा आला होता हे त्यांच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही.

हजेरीची तऱ्हा आणखी निराळी. नाव पुकारलं की "प्रेझेंट सर" म्हणायचं नाही. काल शिकलेलं घरी कुणाला सांगितलं, ते सांगायचं. "आजीला, सर. केळ्याला बी का नसते ते." "आमच्या वॉचमनकाकांना, सर. रक्त गोठतं कसं ते." कुणी नुसतं हजर म्हणालं तर सर मान वर न करता म्हणायचे, "तू आलायस की. पण काल धडा तुझ्या घरी गेला नाही. गैरहजर." आणि खरोखरच गैरहजेरी लावायचे. मी मामांकडे राहायची, म्हणून मामींना सांगायची. मामी भाकरी थापत हूं हूं करायच्या आणि माझं संपत आलं की, "बरं बरं, ताट घे आता," म्हणायच्या. माझी दोन वर्षांची हजेरी मामींच्या भाकरीवर लागली आहे.

सर हा नियम स्वतःलाही लावायचे. त्यांची आई, त्यांची अव्वा, अक्कलकोटकडची. तिला कन्नडशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. वर्गात शिकवायचा धडा सर सकाळी आधी अव्वाला कन्नडमध्ये सांगायचे. ती ज्वारी निवडत ऐकायची. ऐकता ऐकता तिचा डोळा लागला तर सर समजायचे की धडा बिघडला. मग वर्गात येऊन सरळ सांगायचे, "आज ठरलेलं घेणार नाही. अव्वा झोपली." आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. पण सरांचा तास बुडवून कुणी खासगी क्लासला पळालं नाही. बारावी सायन्सची पोरं कॉलेजच्या तासाला बसवून दाखवणं काय असतं, ते कुठल्याही मास्तरला विचारून बघा.

देवावर त्यांचा जीव. पहाटे सिद्धेश्वराला जाऊन आल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. पण परीक्षेच्या तोंडावर देवळात गर्दी करणाऱ्या आम्हाला बघून मात्र वैतागायचे. "देवाला मार्क मागू नका रे. पेपर तपासायचं काम बोर्डानं त्याला दिलेलं नाही."

"मग काय मागायचं, सर?"

"झोप मागा. पेपर हातात आल्यावर हात कापू नये म्हणा. अभ्यास तुमच्याकडं, हात त्याच्याकडं. एवढी वाटणी पुरे झाली."

मी अजूनही मोठ्या कामाआधी तेवढंच मागते, आणि ते मिळतं.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय सर पुरते सांगून होणार नाहीत. मी सांगोला तालुक्यातली. आमची डाळिंबाची बाग. दहावीनंतर मामांनी मला सोलापूरला आणलं. मामा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, घर जुळे सोलापुरात. वडिलांना, म्हणजे आबांना, मामांनी कसंबसं राजी केलं होतं. आबांनी तेव्हा शब्द दिला, "बारावीपतुर शिकंल. म्होरचं मला इचारायचं न्हाय." आबा शब्दाचे पक्के. बारावीपर्यंत कुणाचा बाप मला अडवू शकत नव्हता, आणि बारावीनंतर माझाच बाप अडवणार होता. टेंभुर्णीचं एक स्थळ सांगूनही आलं होतं. ट्रकचा धंदा, हायवेलगत घर, मुलगा निर्व्यसनी. आईनं तर साडीचा रंगसुद्धा मनात धरला होता. मला पुण्याला जाऊन शेतकी शिकायचं होतं. हे मी मामींना सांगितलं, तर त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

म्हणून मी सरांकडे गेले. मास्तरांनी घरी येऊन बापाची समजूत घातली आणि पोरीचं शिक्षण वाचलं, असल्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. सर लॅबमध्ये बरण्या पुसत होते. मी सगळं सांगितलं, थोडी रडलेही.

"मी कुणाच्या बापाला समजावत नाही," सर म्हणाले. "मला बायॉलॉजी शिकवायला ठेवलंय."

"सर, तुम्ही एकदा बोललात तर ते ऐकतील."

"ऐकतील. माझ्यासमोर हो म्हणतील, आणि टमटममध्ये बसले की नाही म्हणतील." त्यांनी बरणी उजेडात धरली. "तोंडीला कोण येणार तुझ्याकडून?"

मला इतका राग आला की मी उत्तर न देता निघून आले. हा माणूस बेडकाच्या बरणीला फडकं मारतोय आणि इथं माझं आयुष्य चाललंय, असं वाटलं. आजही ते दृश्य आठवलं की थोडा राग येतोच.

तोंडी म्हणजे घरच्यांची तोंडी परीक्षा. ही सरांची स्वतःची प्रथा, कॉलेजात दुसऱ्या कुणाची नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपली की पुढच्या रविवारी बारावीच्या प्रत्येकानं घरातलं एक मोठं माणूस आणायचं. त्या माणसानं स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत धड्यातला एक प्रश्न, साध्या भाषेत. उत्तर त्या माणसानं द्यायचं, पोरानं शेजारी गप्प उभं राहायचं. कुठला प्रश्न निघेल ते माहीत नसल्यामुळे घरच्याला सगळाच अभ्यासक्रम सांगून ठेवावा लागे. आणि उत्तर आलं नाही तर पोराच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सर सही करायचे नाहीत. सही नसलेलं जर्नल घेऊन प्रॅक्टिकलला बसता येत नाही, हे सायन्सच्या पोराला झोपेतसुद्धा ठाऊक असतं. मग ते घरचं माणूस पुढच्या रविवारी परत.

प्राचार्यांकडे तक्रारी जायच्या. एका वर्षी एका मुलानं तर ओळखीचा एक औषध कंपनीचा माणूस काका म्हणून उभा केला. काकांनी टाय लावून इंग्रजीत झकास उत्तर दिलं. सरांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या पुतण्याला डब्यात काय आवडतं?" काका म्हणाले, मटार. मुलाच्या डब्यात रोज शेंगाचटणी नि कडक भाकरी असायची, ते सगळ्या वर्गाला माहीत होतं. सर रागावले नाहीत. काकांना चहा पाजला, आणि संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी मुलाच्या वडिलांना गाठायला पूर्व भागातल्या मागाच्या कारखान्यावर गेले. मागाच्या खडखडाटात दोघं एकमेकांच्या कानाशी ओरडत होते म्हणे. जर्नलवर सही तिथंच झाली.

आमच्या वर्षी माझ्या मैत्रिणीची अम्मी आली होती. शिवणकाम करणारी, बुरखा सावरत, घाबरलेली. तिची चिठ्ठी निघाली, आईबापांत नसलेला रंग पोराच्या डोळ्यांत कुठून येतो. तिनं एकदा लेकीकडे बघितलं. मग म्हणाली, "दो चिठ्ठियां रहती सर. एक अम्मा की, एक बावा की. जोर वाली दिखती. दुसरी चुप बैठती, मरती नै. आगे जाके किसी बच्चे में दो चुप वालियां मिल गई तो बोलने लगती." सरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "अम्मी, हे मी उद्यापासून असंच शिकवणार." आणि खरोखरच पुढे ते तसंच शिकवत राहिले.

माझ्याकडून आबांनाच यावं लागणार होतं. मामांची रविवारी कायम ड्यूटी आणि मामींनी ऐकूनच हात जोडले. आबा आधी भडकले. "ह्ये कसलं खूळ तुज्या मास्तराचं? परीक्षा तुजी का माजी?" पण सही नाही तर प्रॅक्टिकल नाही, प्रॅक्टिकल नाही तर बारावी नाही, आणि बारावी नाही तर दिलेला शब्द पुरा होत नाही. स्वतःच्याच शब्दात ते अडकले होते. म्हणून दिवाळीपासून दर शनिवारी मी एसटीनं गावाकडे जायची आणि रविवारी सकाळी आबा बागेत ड्रिपच्या नळ्या बघत फिरायचे तेव्हा मागनं सांगत सुटायची.

पहिले काही रविवार ते "आवर लौकर" एवढंच म्हणायचे. हृदयाचा धडा आला तेव्हा थांबले. "म्हंजे एका पेटीत दोन मोटरी."

"व्हय आबा."

"मग वीज कुटनं येती?"

ते मी अजून वाचलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी वाचून गेले. गाडीतून उतरताच त्यांनी विचारलं, "घावली का वीज?" त्या दिवसापासून फाटकाशी माझी वाट बघत ते उभे असायचे. आईला वाटायचं, लेकीची माया. माया होतीच, पण आधी वीज.

तोंडीच्या दिवशी आबा पांढरं धुवट घालून, टोपी नीट करून आले. एकदा वाटलं, यांना नाहीच आलं उत्तर तर बरं. जर्नल अडेल, वर्ष लांबेल, लग्न लांबेल. पण आबा डब्यात हात घालताना इतके गंभीर होते की मला तसं म्हणवेना. चिठ्ठी निघाली, झाडाच्या शेंड्याला पाणी कसं चढतं.

आबा खाकरले. "वरनं पानं वढत्यात, सर. पानातनं वाफ जाती. तेवढी जागा रिकामी झाली की खालचं पाणी वर सरकतं. पाण्याचे कण एकमेकाचा हात धरून हैत, मुळापासनं पानापतुर. हात सोडत न्हाईत. पोरीनं असं सांगितलंय."

"बरोबर," सर म्हणाले आणि माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं. आबा मात्र जागचे हलले नाहीत.

"सर, एक इचारू का?"

"विचारा की."

"आमी डाळिंबाची पानगळ करतो. समदं झाड उगडं. एक पान ठेवत न्हाय. आन मग पाणी सोडतो, तर थोड्या दिसांत शेंड्याला कळी. पानंच न्हाईत, तर पाणी वढलं कुणी?"

सर म्हणाले, "तेव्हा मुळं खालून ढकलतात थोडं."

"मग मुळांनी ढकलाय पायजे हे मुळांना सांगितलं कुणी? आन ढकलाय येतंय तर रोज का ढकलत न्हाईत?"

सरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची ओढून आबांच्या मागे आणली आणि म्हणाले, "बसा." आबा अवघडून टोकावर बसले. सर त्यांच्यासमोर उभे राहिले, त्यांना येत होतं तेवढं सगळं सांगितलं आणि थांबले. "याच्यापुढं मला येत नाही."

"मग कुणाला येतंय?"

"पुण्याला शेतकीत शिकवतात. चार वर्षांचं आहे." एवढं बोलून त्यांनी माझ्या जर्नलवर सही केली, माझं पेन खिशात घातलं आणि पुढच्या पालकाला हाक मारली. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर आबांनी कुणाला सोडलं नाही. कृषी सहाय्यकाला विचारलं, तो म्हणाला साहेबांना विचारून सांगतो. सांगोल्याच्या खताच्या दुकानदाराला विचारलं, त्यानं एक बाटली विकली. आबा ती घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "मी इचारलं काय आन दिलं काय." पण पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि माझी काढायची छाती नव्हती. दिलेला शब्द तसाच उभा होता.

बारावीची परीक्षा झाली. शेवटच्या पेपरनंतर सरांनी आम्हाला लॅबमध्ये बोलावलं. वाटलं, आता काही मोठं बोलतील. ते म्हणाले, "मी दोन वर्षं जे शिकवलं त्यातलं बरंचसं पुढं चुकीचं निघंल. ते कुठलं, हे मला दिसणार नाही. तुम्हाला दिसंल. दिसलं की येऊन सांगा, मी राग मानणार नाही." मग सगळ्यांची पेनं परत केली. दोन वर्षांची पेनं, एका बादलीत. कुणाचं कुठलं ते कुणालाच ओळखेना. पुढे त्या वर्गातली माझी मैत्रीण नर्सिंगला गेली, कुणी डिप्लोमाला, कुणी चिंचोळीत काम करत रात्रीचं शिकायला. मोठं नाव कुणी काढलं नसेल, पण थांबलं कुणीच नाही. सर आता रिटायर झालेत. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसतात, आणि शेजारी येऊन बसलेल्या माणसाला सहजासहजी उठता येत नाही.

निकाल लागला. मी चांगल्या मार्कांनी पास झाले, मामांनी फॉर्म भरून ठेवला होता, त्यामुळे पुण्याच्या यादीत नावही आलं. आणि त्याच आठवड्यात टेंभुर्णीचे पाहुणे मला बघायला आले.

मुलगा आणि त्याचे वडील ओसरीवर बसले होते. आईनं मला साडी नेसवली, हातात पोह्यांच्या बशा दिल्या आणि दाराआड उभं केलं. बाहेर पावसापाण्याचं, डिझेलच्या भावाचं बोलून झालं. मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी बारावी हाय म्हणं. बास की. आमाला कुटं नोकरी करून घ्यायचीय?"

आबांनी मांडी बदलली. "पावणं, एक इचारतो. डाळिंबाची पानगळ करून पाणी सोडलं. झाडावर पान न्हाय. तर शेंड्याला पाणी न्हेतं कोण?"

पाहुणे हसले. "ह्ये आन काय काढलं? पाणी सोडलं की कळी निघती. आपल्याला कळीशी मतलब."

"मीबी जल्मभर असंच म्हणत आलो," आबा म्हणाले. "पोरीनं सांगितलं नसतं तर माज्या डोक्यात ह्ये आलंच नसतं. अर्दं तिनं सांगितलंय. ऱ्हायल्यालं अर्दं पुण्याला हाय. ते शिकाय पाठवतोय तिला. राग मानू नगा. लांबनं आलाय, खाऊन जावा."

मग मुलाचे वडील म्हणाले, "कुणी भरवलं ह्ये? तिच्या मास्तरानं?"

"मास्तर तिच्यासाठी एक शबूद बोलला न्हाय माज्याशी. बोलला आसता तर मी ऐकलं नसतं."

दाराआड मला एकाच वेळी हसू नि रडू फुटलं. सरांवरचा माझा सगळा राग त्या क्षणी कुठल्या कुठे गेला, असं मी म्हणणार नाही. पण लॅबमध्ये बरणी पुसता पुसता त्यांनी मला तोंडीचं का विचारलं होतं, ते तेव्हा कळलं. आई म्हणाली, "अगं, पोहं गार हुत्यात." मी बाहेर गेले, मान वर करून सगळ्यांना बशा दिल्या. पाहुणे भले होते. पोहे चांगले झालेत म्हणाले, मुलानं तर आणखी मागून घेतले.

सोमवारी सकाळच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि शेजारी मांडीवर माझी बॅग घट्ट धरून आबा. कंडक्टर आला. मी तोंड उघडायच्या आत आबा गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुणं, दोन. एक म्हागारी येनार हाय, एक शिकाय ऱ्हानार हाय."